किनारा सुशोभित नको, वापरता येण्याजोगा हवा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई गावाला जाते, ही समजूत आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. कोकणात किंवा घाटावर ज्यांचे गाव आहे, त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांच्या गावच्या घराला आता कुलूप असते. आजी-आजोबा एक तर मुंबईतच मुलांकडे राहायला आलेले असतात किंवा ते राहिलेले नसतात. कोकण रेल्वेचे मे महिन्याचे आरक्षण खुले होते न होते तोच संपते, आई-वडील दोघेही नोकरी करत असतील तर सलग पंधरा दिवसांची रजा मिळत नाही, आणि पुढच्या इयत्तेच्या शिकवण्यांनी सुट्टीचा बराचसा भाग आधीच खाल्लेला असतो. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस असंख्य मुले याच शहरात, तीनशे चौरस फुटांच्या घरात पंख्याखाली काढतात. या मुलांना, त्यांच्या आई-वडिलांना आणि घरातल्या वृद्धांना संध्याकाळी दोन तास वाऱ्यावर बसता यावे, यासाठी शहराकडे एकच मोठी आणि फुकट जागा आहे, ती म्हणजे पाण्याचा किनारा. राज्यकर्ते आणि महापालिका या किनाऱ्याकडे आजवर शोभेची जागा किंवा रस्ता बांधण्याची जागा म्हणून पाहत आले आहेत. माझे म्हणणे असे आहे की पाणीपुरवठा, दवाखाने आणि बसगाड्या यांच्या पंक्तीत किनाऱ्याची गणना नागरी सेवा म्हणून झाली पाहिजे, आणि त्याच कसोटीवर त्याचा जमाखर्च मांडला गेला पाहिजे.

मुंबईचा उन्हाळा आकड्यांत फारसा भयंकर दिसत नाही. मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशांच्या आसपास राहते, आणि चंद्रपूर-अकोल्याकडे ४५ अंश सोसणाऱ्या माणसाला त्याचे काहीच वाटणार नाही. इथला खरा त्रास दमटपणाचा आहे. घाम सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती आणि पत्रे मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत राहतात, आणि खोलीला समोरासमोर खिडक्या नसतील तर पंखा तीच कोंदट हवा फिरवत बसतो. यावर या शहराला लाभलेला उतारा म्हणजे दुपारच्या सुमारास समुद्रावरून सुटणारे खारे वारे. ज्या दिवशी ते उशिरा सुटतात त्या दिवशी सांताक्रूझचा पारा कसा चढतो, हे हवामानाच्या बातम्या वाचणाऱ्यांना नवे नाही. या वाऱ्याचा पहिला झोत किनाऱ्याला मिळतो; आत जावे तसा तो इमारतींच्या रांगांमध्ये अडतो. ज्यांच्या घरी एसी आहे आणि त्याचे वीजबिल परवडते, त्यांना संध्याकाळी किनाऱ्यावर जाणे ही हौस वाटू शकेल. धारावीत किंवा लालबागच्या चाळीत पोटमाळ्यावर झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो तब्येतीचा प्रश्न आहे. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात शहरी उष्णतेचा विचार केलेला आहे. किनाऱ्यापर्यंतची पोहोच हा उष्णतेवरचा एक उपाय आहे, असे मानून तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद होणे हे त्या विचाराचे स्वाभाविक पुढचे पाऊल ठरेल.

मोकळ्या जागेचा हिशेबही याच दिशेने बोट दाखवतो. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते, तर नगरनियोजनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना माणशी दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा धरतात. ही तूट नव्या बागा काढून भरून येणार नाही, कारण बागेसाठी जमीनच शिल्लक नाही. किनारा मात्र आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक राहिला आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांना अखेरचा निरोप देण्यासाठी जनसागर लोटला तो गिरगावच्या चौपाटीवर. सभा, विसर्जन, पाडव्याची संध्याकाळ, दहावीच्या निकालानंतरची भेळ, हे सारे या शहराने वाळूवरच केले आहे.

हा किनारा उन्हाळ्यात वापरायचा म्हणजे काय, याचा बारकाईने विचार केला की आपल्या सोयी कुठे चुकतात ते लक्षात येते. मरीन ड्राइव्हपासून वर्सोव्यापर्यंतचा सगळा फिरण्याचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. दुपारी दोनपासून सूर्य समोरून तोंडावर येतो, आणि मे महिन्यात तो सातच्या पुढे मावळतो. म्हणजे सावली नसलेल्या किनाऱ्यावर कुटुंबाने जाण्यासारखी वेळ सुरू होते तीच मुळी साडेसहाला, आणि वारा खाऊन, मुले खेळवून घरी परतायला दहा-साडेदहा वाजतात. या चार तासांत दिवे, स्वच्छतागृहे, जीवरक्षक आणि बसगाड्या हजर असणे ही खरी गरज असताना आपल्या सोयींचे वेळापत्रक बहुधा सकाळी चालायला येणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून आखलेले असते. सकाळचा चालणारा आपल्या घरचे स्वच्छतागृह वापरून, जवळच्या रस्त्याने येतो आणि तासाभरात परत जातो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्याची गरज सर्वांत कमी आहे.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब ढोबळमानाने आजही बरोबर येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या. आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती भर दुपारी येऊन जाते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पार मागे हटलेले असते. सूर्य मावळायला तासभर अवकाश असतो, वाळू ओली आणि गार झालेली असते, आणि हाजी अली किंवा जुहूच्या कडेचे खडक उघडे पडलेले असतात. त्या खडकांतल्या डबक्यांत रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, बोट लावताच आक्रसून घेणारी समुद्रफुले आणि दगडाला चिकटलेली कालवे लहान मुलाला गुडघ्यावर बसून पाहता येतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून अशा किनारफेऱ्या काढून हजारो मुंबईकरांना हे जीवन दाखवले. माझ्या मते उन्हाळी सुट्टीचा याहून चांगला उपयोग या शहरात दुसरा नाही, आणि त्याला बसचे भाडे सोडले तर खर्चही नाही. उलट अष्टमी-नवमीला त्याच वेळी भरती असते, पण ती भांगाची असल्याने पाण्याला तेवढा जोर नसतो. या वेळा पंचांगात आणि वर्तमानपत्रांत असतात, तरी चौपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. प्रत्येक चौपाटीच्या तोंडाशी आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा लावायला किती खर्च येईल? त्याने करमणूकही होईल आणि जीवही वाचतील.

आता सोयींकडे वळतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका चौपाटीवर मे महिन्यातल्या शनिवारी पाहिलेले एक कुटुंब माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन मुले, त्यांची आई आणि आजी. मुले ओल्या वाळूत खड्डा खणण्यात रंगली होती, आईने बाटलीत जपून ठेवलेले अर्धा लिटर पाणी शेवटी त्यांच्या पायांची वाळू धुण्यासाठी वापरले, कारण नळाच्या तोटीला पाणी नव्हते, आणि आठ वाजायच्या आत ती चौघे उठली, कारण आजींना स्वच्छतागृहाला जायचे होते आणि ते कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. मुले रडत निघाली. त्या संध्याकाळी समुद्राने, वाऱ्याने, वाळूने आपापले काम चोख केले होते. घरातून निघतानाच पाणी मोजून पिणाऱ्या बायका, मधुमेहाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी किनाऱ्याची लांबी किलोमीटरमध्ये मोजण्यात काही अर्थ नाही. ती स्वच्छतागृहापासूनच्या अंतरात मोजावी लागते.

सुशोभीकरणावर खर्च करण्याची आपली सवय इथे आड येते. रंगीत दिवे, कारंजी, सेल्फी काढण्यासाठी उभारलेली अक्षरे आणि विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या माळा यांचे उद्‌घाटन करता येते. नळाला रोज पाणी येणे याचे करता येत नाही. झाडांचेही तेच. किनाऱ्यालगत शोभेचे ताड लावले जातात. ते चित्रात छान दिसतात आणि सावली जवळपास देत नाहीत. खाऱ्या वाऱ्यात टिकणारी आणि दाट सावली देणारी उंडी, करंज, पारसपिंपळ यांसारखी झाडे आपल्या कोकणपट्टीची आहेत, ती रोपवाटिकांत मिळतात, आणि पंधरा वर्षांत त्यांच्याखाली दुपारी चारला बसता येते. पंधरा वर्षे हा काळ निवडणुकीच्या हिशेबात मोठा वाटतो, पण मरीन ड्राइव्हचा कठडा बांधून ऐंशीहून अधिक वर्षे झाली आणि तो अजून रोज संध्याकाळी भरतो, हे लक्षात घेतले तर शहराच्या हिशेबात तो अगदी थोडा आहे.

चांगली उदाहरणे नाहीत असे मुळीच नाही. वांद्र्याच्या बँडस्टँड आणि कार्टर रोडचा किनारा नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून रहिवासी संघटना आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी मिळून सावरला, आणि ज्या जागी राडारोडा पडत होता तिथे माणसे बसू लागली. दादर आणि गिरगावच्या चौपाट्यांवर पर्जन्यजलवाहिन्यांच्या मुखांवर बांधलेल्या दर्शनिका २०२२ मध्ये खुल्या झाल्या. ज्या ठिकाणी नाक मुठीत धरून जावे लागे तिथून आता लोक सूर्यास्त पाहतात. सर्वांत मोठी भर किनारी रस्त्याने घातली. या रस्त्याविषयी मतभेद होते आणि आहेत. मोटारगाड्यांसाठी समुद्रात एवढा भराव घालायला नको होता, असे मलाही वाटते. परंतु भराव झालेला आहे, त्यालगतचा समुद्राकाठचा पदपथ १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांसाठी खुला झाला आहे, आणि प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंत समुद्राच्या कडेने चालता येणे ही या शहराची मोठी कमाई आहे. म्हणूनच तिची कसोटी कडक लावली पाहिजे. वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे असलेल्या या पदपथावर ठरावीक भुयारी मार्गांनीच जाता येते. आजींना आणि बाबागाडीला ते चढउतार झेपतील का, भुयारी मार्गाच्या तोंडाशी बस थांबेल का, आणि आत गेल्यावर दर अर्ध्या किलोमीटरवर सावली, पाणी व स्वच्छतागृह असेल का, हे प्रश्न वाहनांच्या सरासरी वेगापेक्षा महत्त्वाचे आहेत. या मोकळ्या जागेच्या देखभालीत खासगी सहभाग घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण तिथे कधीही तिकीट लागणार नाही आणि कोणताही भाग समारंभासाठी भाड्याने बंद होणार नाही, हे करारातच लिहून घ्यावे.

भाड्याचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. चौघांच्या कुटुंबाला बस बदलून चौपाटीवर जाऊन परत यायचे तर ही वाढ जाणवते, आणि मग आठवड्यातून दोनदा होणारी फेरी महिन्यातून दोनदा होते. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागलेली भुयारी मेट्रो मरोळ किंवा धारावीच्या माणसाला थेट गिरगाव-चर्चगेटपर्यंत आणून सोडते, ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिचे भाडे बसपेक्षा जास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत शनिवार-रविवारच्या संध्याकाळी कुटुंबासाठी सवलतीचा एकच परतीचा पास, बेस्ट आणि मेट्रो दोन्हींवर चालणारा, काढणे अवघड नाही.

किनारे अधिक लोकांसाठी खुले आणि सोयीचे करा म्हटले की लगतच्या रहिवाशांकडून नेहमीचे आक्षेप येतात: गर्दी वाढेल, कचरा होईल, फेरीवाले बसतील, रात्री नको ते प्रकार चालतील. यातला कचऱ्याचा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर डबे, सफाईच्या जास्त पाळ्या आणि दंड हे आहे. माणसे कमी करणे हे नाही. फेरीवाल्यांच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला आहे. बर्फाचा गोळा, तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, ताडगोळे, शहाळे आणि भेळ विकणारा माणूस हा कुटुंबाच्या संध्याकाळचा भाग आहे, आणि अंधार पडल्यावर त्याच्या गाडीवरचा दिवा व त्याभोवतीची माणसे यांच्यामुळेच एकट्या बाईला तिथे बसायला धीर येतो. फेरीवाल्यांसंबंधीचा २०१४ चा केंद्रीय कायदा त्याला हक्काची जागा देण्यासाठीच आहे. त्याला परवाना, पिण्याचे पाणी आणि कचऱ्याची सोय द्यावी, आणि त्याच्या पदार्थांची तपासणीही करावी. राहिला प्रश्न कठड्यावर एकमेकांशेजारी बसणाऱ्या तरुण-तरुणींचा. ज्या शहरात लग्न झालेल्या जोडप्यालाही घरात एकांताची खोली मिळत नाही, तिथे समुद्राकडे तोंड करून शांतपणे बसलेल्या दोघांना हटकत फिरणे हे पोलिसांचे काम नव्हे. त्यांचे मनुष्यबळ त्या जोडप्यांना त्रास देणाऱ्यांच्या मागे लावावे.

पाण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आजच्या घडीला मुंबईच्या समुद्रात पोहावे असा सल्ला मी कोणाला देणार नाही, कारण शहराचे सांडपाणी पुरेशा प्रक्रियेशिवाय याच समुद्रात आणि खाड्यांत जाते. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा येथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. एवढा खर्च होत असताना त्याचा लाभ लोकांना दिसायला हवा, म्हणून केंद्रे सुरू होतील तसतसे प्रत्येक चौपाटीच्या पाण्याचे तपासणी-निकाल दर आठवड्याला तिथेच फळ्यावर लावले जावेत. किनारा सुधारू शकतो हे वर्सोव्याने दाखवले आहे. २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या साफसफाईत शेकडो लोक सामील झाले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. दुसरी बाजू जीवरक्षकांची आहे. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई या सहा चौपाट्यांवर अग्निशमन दलाच्या अखत्यारीत जीवरक्षक असतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाने समुद्र खवळलेला असताना जुहूला चार मुले बुडाली. अशा दुर्घटनेनंतर किनारा बंद करणे सोपे असते, पण बंदी कडेच्या खडकांवरून पाण्यात उतरणाऱ्या मुलांना थांबवत नाही. महापालिकेच्या शाळांतून पोहणे शिकवणे आणि सुट्टीच्या संध्याकाळी जीवरक्षकांची संख्या वाढवणे यांनीच ते थांबेल.

कोळीवाड्यांचा विचार न करता केलेली कोणतीही किनारा-योजना अन्यायाची ठरेल. वरळी, चिंबई, खारदांडा, वर्सोवा, मढ येथे किनारा हे कामाचे ठिकाण आहे. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्याने तिथे आपण पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवावे. वर्सोवा-मढ आणि मार्वे-मनोरी या तरींनी थोड्या पैशांत खाडी ओलांडता येते. हा प्रवास मुलांना अतिशय आवडतो, आणि त्या धक्क्यांवर सावलीची शेड व नीट पायऱ्या झाल्या तर पाहुण्यांची आणि रोज ये-जा करणाऱ्या कोळणींची, दोघांचीही सोय होईल.

आतापर्यंत मी पश्चिमेबद्दलच लिहिले, कारण लोकांना जाता येईल असा किनारा जवळजवळ सगळा पश्चिमेला आहे. कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पूर्वेचा सुमारे २८ किलोमीटरचा किनारा बंदराच्या भिंतींमागे आहे. माझगाव, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी येथे राहणारी, बहुतांश कामगार वस्तीतली कुटुंबे समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि वाऱ्यावर बसायचे तर त्यांना लोकल पकडून चर्नी रोडला जावे लागते. बंदराचा बराचसा व्यापार न्हावाशेव्याला गेल्यावर ही जमीन लोकांसाठी कशी खुली करावी, याचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने शिफारशी केल्या, त्यानंतर आराखडेही मांडले गेले, पण त्या वस्त्यांमधल्या मुलाच्या उन्हाळ्यात त्याने अद्याप फरक पडलेला नाही. मोठ्या आराखड्याला वेळ लागतो हे मान्य केले, तरी शिवडीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. तिथल्या खाडीच्या चिखलात रोहित पक्षी मेअखेरपर्यंत असतात, ते पाहायला लोक आजही गोदामांमधून, अवजड ट्रक चुकवत जातात, आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी असल्याने ओहोटीला ते पक्षी स्वच्छ दिसतात. शिवडी स्थानकापासून जेट्टीपर्यंत सलग पदपथ, वाटेत दिवे, जेट्टीवर कठडा आणि बाके, उंडी-करंजाची रांग, पिण्याचे पाणी आणि रात्री दहापर्यंत उघडे राहणारे स्वच्छतागृह, एवढे काम कोणत्याही मोठ्या आराखड्याच्या मंजुरीवाचून पुढच्या उन्हाळ्याआधी होण्यासारखे आहे. बंदर प्राधिकरण आणि महापालिका यांनी एकत्र बसून त्याची तारीख जाहीर करावी.